पाडव्याचं आमंत्रण, एकदाच

गोष्ट यंदाच्या पाडव्याची आहे, पण मला ती पूर्ण कळली काल... त्या सकाळी मी बाल्कनीत गुढी उभारत होते आणि शेजारच्या बाल्कनीतून नीलूने हाक मारली, "काकू, फोटो काढू?"

नीलू म्हणजे निलूफर. इराणची मुलगी, इथे फार्मसीत पीएचडी करायला आलेली. हडपसरच्या आमच्या सोसायटीत शेजारच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहायची. मराठी आमच्या कामाच्या मावशींकडून शिकली, त्यामुळे ऐकायला भारी मजा यायची.

त्या आठवड्यात तिच्या खिडकीत एका ताटलीत हिरवेगार गहू उगवले होते. तिचा नवरोज, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, यंदा आपल्या पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी होता. नवरात्रात आपण घटाभोवती धान्य पेरतो ना, अगदी तसंच दिसत होतं ते... मला फार आपलंसं वाटलं.

तिची रूममेट नोकरी लागून बंगळुरूला गेलेली, म्हणजे ऐन सणाला पोरगी एकटीच. म्हटलं, "दुपारी जेवायला ये गं. श्रीखंड-पुरी आहे." तिने छातीवर हात ठेवला, मान जराशी झुकवली आणि म्हणाली, "नको काकू, तुम्हाला त्रास."

मी म्हटलं, "बरं." आणि आत येऊन बटाट्याच्या भाजीला फोडणी दिली.

आता हे सांगायला हवं की आग्रह या प्रकाराचा मला मनापासून तिटकारा आहे. लहानपणी लग्नाच्या पंगतीत "माझ्यासाठी एक" म्हणत बायका ताटात जिलब्या टाकायच्या आणि आई डोळे वटारायची म्हणून त्या संपवाव्या लागायच्या. तेव्हाच ठरवलं होतं, आपण एकदा विचारायचं आणि समोरच्याचा शब्द खरा मानायचा. याला मी सुसंस्कृतपणा समजत होते.

आमचे हे पेपर वाचत बसले होते. वर न बघताच म्हणाले, "तू तिला विचारलंस की कळवलंस?" मी दुर्लक्ष केलं. यांचं असं चालूच असतं.

जेवायच्या आधी खाली वॉचमनकाकांना ताट द्यायला निघाले, तर नीलू तिच्या दारातच उभी. पिवळाधमक नवा ड्रेस, केस मोकळे, कानात लोंबते डूल. मी म्हटलं, "अगं, किती गोड दिसतेस! कुठे बाहेर चाललीस?"

"नाही काकू... असंच," म्हणाली. मी ताट सांभाळत लिफ्टमध्ये शिरले.

संध्याकाळी उरलेलं श्रीखंड डब्यात घालून तिला दिलं आणि स्वतःवरच खूश झाले. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो हरभऱ्याच्या पिठाच्या, तोंडात विरघळणाऱ्या बिस्किटांनी भरून. रिकामा डबा परत द्यायचा नाही हे त्यांच्याकडेही असतं म्हणे.

मग तिचा थीसिस संपला, जर्मनीत नोकरी लागली, इथला व्हिसाही संपला... सगळं इतक्या घाईत झालं की नीट निरोपाचं जेवणसुद्धा करता आलं नाही. जाताना गळ्यात पडून रडली.

काल तिची एक मैत्रीण आमच्याकडे ठेवलेलं तिचं सामान न्यायला आली. तीही इराणचीच, पण खडकीच्या मुलाशी लग्न करून पक्की पुणेकर झालेली. चहा विचारला तर लगेच, "हो, साखर कमी." मी गमतीत म्हटलं, तू बरी गं... नीलू तर काही विचारलं की नाहीच म्हणायची.

ती हसली. "मी पण नाहीच म्हणायचे काकू. सासरी सुरुवातीला अर्धपोटी राहिले, मग शिकले."

मग तिने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे पहिल्याच बोलावण्याला हो म्हणणं हावरटपणाचं दिसतं. बोलावणाऱ्याने पुन्हा विचारायचं, पाहुण्याने पुन्हा नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की समजायचं, मनापासून बोलावतायत... मग जायचं.

आणि बोलता बोलता सहज म्हणाली, "पाडव्याला तिने मला फोन केला होता ना. काकूंनी जेवायला बोलावलंय, परत विचारतीलच, म्हणाली. नवरोजचा ड्रेस एक दिवस आधीच घालून बसली होती. मग दुपारी मॅगी केली म्हणे."

म्हणजे ती दारात उगाच उभी नव्हती... माझ्या दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होती. आणि मी तिच्या ड्रेसचं कौतुक करून, तिच्यासमोरून दुसऱ्याचं ताट घेऊन निघून गेले.

फार वाईट वाटलं. अजून वाटतंय. आपल्याकडेही पुन्हा विचारायची पद्धत होतीच की... कटकट म्हणून ती घरातून घालवली मीच. त्या जिलबी वाढणाऱ्या बायकांवर आयुष्यभर वैतागले, पण त्यांच्या पंगतीतून कोणी उपाशी उठलं नसेल.

आज सकाळी नीलूला व्हिडिओ कॉल केला. माफी मागायला गेले तर तिने मागूच दिली नाही, मैत्रिणीने सांगितलंच कशाला म्हणून तिच्यावरच चिडली. शेवटी म्हटलं, "नीलू, पुढच्या पाडव्याला जेवायला ये."

"नको काकू, तुम्हाला त्रास."

"अगं, ये ना."

"बघते काकू..."

"नीलू, मी पानं मांडून वाट बघेन. ये."

ती डोळे पुसत म्हणाली, "हो काकू. येते."

येणं काही जमायचं नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. ती चार पावलांवर राहत होती, तेव्हा मात्र आणखी दोनदा विचारायचं माझ्याकडून राहून गेलं...