गाठी मारलेला काळा दोरा

माझ्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. म्हणजे समोर बायको बसली असेल, तर तिच्या कानातल्या कुड्या दिसतात, खांद्यावरचा पदर दिसतो आणि चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग. डॉक्टर म्हणाले, आहे ते जपा, यापेक्षा बरं व्हायचं नाही. मी घरी आलो आणि माझे सगळे कॅमेरे कपाटाच्या वरच्या खणात कोंबले. बँकेतली नोकरी पोटासाठी केली, फोटो मात्र जिवासाठी काढले. कोपरच्या खाडीवरचे पक्षी, ठाकुर्लीच्या रेल्वे चाळी, सोसायटीतली झाडून सगळी बारशी. आता घरात कोणी 'फोटो' म्हटलं तरी मी खेकसायचो.

अशा माणसाला कॅमेरा आणून देणं म्हणजे जखमेवर मीठ. ते काम माझ्या ठाण्याच्या मित्राने केलं. त्याची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली. घर रिकामं करताना माळ्यावर हा कॅमेरा निघाला. त्याच्या आधी तिथे राहणाऱ्या भाडेकरूचा असावा, पण त्या भाडेकरूला कोणी पाहिलेलं नव्हतं.

"अरे, भंगारात जायचा रे उगाच," मित्र म्हणाला. "तू बघ तरी, कुठला आहे ते."

चहा पिऊन तो गेला आणि कॅमेरा टीपॉयवर राहिला. दोन दिवस मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. मग राहवलं नाही.

एकावर एक दोन भिंगं असलेला जुना कॅमेरा. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालच्यातून फिल्मवर फोटो उतरतो. पोटाशी धरायचा आणि वरून काचेत डोकावायचं. नावाची पट्टी निघून गेलेली, पण हातात घेतल्यावर वजनाने आणि फिल्म पुढे सरकवायच्या दांडीच्या मऊ आवाजाने मी ओळखलं, की हा जर्मन. चांगल्या घरचा, पण सासरी हाल झालेला. कारण त्याला कोणीतरी वाट्टेल ते करून ठेवलं होतं. वरच्या काचेपाशी जे छोटं भिंग असतं, त्यावर चष्म्याची जाड काच गोल घासून चिकटवलेली. फोकसच्या चाकावर कथिलाचे डाग दिलेले, बोटाला खुपणारे. आणि खालच्या भिंगाखाली खिळ्याला बांधून सगळ्या अंगाभोवती गुंडाळलेला काळा दोरा, जागोजागी गाठी मारलेला.

"कात्री आण," मी म्हटलं.

"मुळीच नाही," बायको म्हणाली. "गाठी बघा, मोजूनमापून मारल्यात. कोणीतरी दृष्ट लागू नये म्हणून बांधलाय. असलं कापू नये."

"कॅमेऱ्याला दृष्ट?"

"तुमच्या स्कूटरला मी लिंबू-मिरची बांधायचे, तेव्हाही हेच म्हणायचात. पडलात का कधी?"

कात्री आली नाही. दोरा निदान नीट सोडवून परत गुंडाळू, एवढ्यावर तह झाला. तिने टोक धरलं आणि मी कॅमेरा फिरवत दोरा बोटांतून सोडत गेलो. डोळे गेल्यापासून माझी बोटं जरा चौकस झालीत. पहिल्या ठिकाणी एक गाठ लागली. पुढे थोड्या अंतरावर दोन, अगदी लागून. मग बऱ्याच अंतरावर तीन. माझा दुसरा अंगठा सवयीने फोकसच्या चाकावर होता. तिथेही आधी एक डाग, मग दोन, मग तीन.

मी ओरडलोच. शिवणाच्या मशीनमधली टेप मागवली. चाकावरचे फुटांचे आकडे तिने भिंग लावून वाचले, दोरा मोजला. एका डागाशी एक गाठ, दोनाशी दोन, तिनाशी तीन, अंतर तंतोतंत जुळत होतं. समोरच्याने हव्या त्या गाठीशी दोरा हनुवटीला धरायचा, आपण तेवढे डाग चाचपून चाक थांबवायचं, दोरा सोडायला सांगायचं आणि खटका दाबायचा. काचेत बघायची गरजच नाही.

मग सगळं उलगडलं. या माणसाची नजर हळूहळू गेली होती. आधी चष्म्याची काच लावून भागलं. ती पुरेना तेव्हा त्याने डाग दिले आणि दोरा बांधला. कपाटात कॅमेरे कोंबून खेकसत बसला नाही. तो पुरुष होता की बाई, हेही मला माहीत नाही. पण त्या दुपारी मी कॅमेरा मांडीवर घेऊन रडलो, आणि ते दुःखाने नव्हे. माझ्या आधी कोणीतरी या वाटेने गेलं होतं आणि जाताना हाताला धरायला काहीतरी ठेवून गेलं होतं. मित्राचे, त्या अनोळखी माणसाचे आणि लिंबू-मिरचीचे, सगळ्यांचे उपकार एकदम अंगावर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातला एक रोल कॅमेऱ्यात भरला आणि बायकोला गॅलरीत तुळशीपाशी बसवलं.

"अहो, माझा कसला काढताय? साडी तरी बदलू दे."

"साडी दिसते मला. चेहऱ्याचा काढायचाय."

तिने दोरा ताणून हनुवटीला लावला. मग म्हणाली, "दोन गाठींशी धरलाय." मी दोन डाग चाचपले. उजेडाचा अंदाज मला अजून येतो. खटका दाबला.

कल्याणच्या लॅबमधून प्रिंट यायला वेळ लागला. पाकीट तिनेच फोडलं आणि फोटो उजेडाकडे धरला.

"हलला का?" माझा जीव टांगणीला.

"पापण्या मोजता येतायत," ती म्हणाली. "पण दोरा तसाच धरलाय मी. सोडायचं सांगितलंच नाहीत."

एवढ्या खटाटोपात तेच विसरलो होतो. मी फोटो हातात घेतला. मधे नेहमीचा डाग. पण कडेचं मला दिसतं, आणि खालच्या कडेला एक जाड काळी रेघ होती. तिच्यावर बोट ठेवलं आणि हळूहळू वर नेत राहिलो. रेघ डागात शिरली, तरी बोट त्याच रेषेत चालू ठेवलं.

"थांबा," ती म्हणाली. "हनुवटीला लागलं बोट."