रुखमाबाईचा अंगठा

नागपुरात जरीपटक्याच्या मागच्या वस्तीत रुखमाबाईच्या अंगठ्याचा मोठा दरारा. लेकरू खोकलं, दूध टाकलं, की बायका त्याला काखोटीला मारून हिच्या दारी हजर. ही अंगठ्याला मीठ लावायची, लेकराची पडजीभ वर दाबायची आणि म्हणायची, "जा, ने." गुण येत असे की नाही कोण जाणे, पण म्हातारीचा तोरा काय विचारता!

एकाहत्तर साली तिची सून प्रेमिला बाळंत झाली. नातू नागसेन. दूध पाजलं की त्याच्या नाकातून येई. रुखमाबाईनं बोट घातलं, तर ते टाळूला लागेचना. टाळू दुभंगलेली. शेजारणी कुजबुजल्या, सुनेनं ग्रहणात काही चिरलं असेल. रुखमाबाई खेकसली, "गप बसा वं. ते सारं आपन छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडलं."

दीड वर्ष दोघींनी त्याला बसवून, चमच्या-चमच्यानं दूध पाजलं. मग शहरातल्या मोठ्या दवाखान्यात टाळू शिवली. पोरानं तोंडात हात घालू नये म्हणून त्याच्या दोन्ही कोपरांना पुठ्ठे बांधले. डॉक्टरांनी बजावलं, "पंधरा दिवस तोंडात काही जाता कामा नये. चमचासुद्धा नाही. कपानं पातळ पेज पाजा." रुखमाबाईनं मान डोलावली. तिला वाटलं, हे सुनेला सांगणं चाललंय.

पाचव्या दिवशी प्रेमिला दवाखान्याच्या नळावर कपडे धुवायला गेली आणि नागसेन खोकला. रुखमाबाईनं विचार केलाच नाही. वर्षानुवर्षांची सवय, अंगठा आत गेला, आणि बाहेर आला तो रक्ताचा.

संध्याकाळी डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं. दोन टाके तुटले होते. ते प्रेमिलावर कडाडले, "काय भरवलंत? बिस्कीट?" प्रेमिलाला काहीच ठाऊक नव्हतं, ती नुसती रडत राहिली. रुखमाबाई खाटेपाशी उभी. कोणी पाहिलं नव्हतं. बोलली तर वस्तीतली पत गेली, आणि गप्प राहिली तर सुनेच्या माथी कायमचा डाग. 

"तिले काहून बोलून राहिले, साहेब?" ती म्हणाली. "अंगठा मी घातला."

टाळूला भोक राहिलं. वर्षभरानं पुन्हा शिवावं लागणार होतं. त्या वर्षात प्रेमिला सासूशी कामापुरतंच बोलली, आणि ते म्हातारीला फार लागलं. दारी आलेल्या लेकरांना ती आता दवाखान्याचा रस्ता दाखवी.

दुसऱ्या ऑपरेशननंतर सिस्टर नागसेनच्या कोपरांना पुठ्ठे बांधू लागली, तशी रुखमाबाईनं आपले दोन्ही हात पुढे केले. "माह्या हातालेबी बांध वं. मले त्याइचा भरवसा नाही."

सिस्टर हसली. प्रेमिला हसली नाही. तिनं आणखी दोन पुठ्ठे मागून घेतले आणि सासूच्या कोपरांना घट्ट बांधले. पंधरा दिवस ती लेकाला कपानं पेज पाजायची आणि सासूला आपल्या हातानं घास भरवायची.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी पाहिलं. टाळू नीट सांधली होती. प्रेमिला आधी सासूची गाठ सोडायला गेली.

"पयले त्याची सोड," रुखमाबाई म्हणाली.