पंचांग पाहून गोळी देणारे चाचा

राहात्याच्या त्या दवाखान्यात डॉक्टर आधी नाडी बघत आणि कंपाउंडर चाचा आधी पंचांग. पाच वेळची नमाज न चुकवणारा हा माणूस. पण एकादशी आज की उद्या, संकष्टीचा चंद्र किती वाजता, हे विचारायला आमच्या आळीतल्या बायका त्यांच्याच खिडकीशी जायच्या. औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून त्यांनी पंचांग टांगलेलं होतं. आमच्या गुरुजींना तिथी विचारली तर ते विचार करायचे, चाचा नुसतं कपाट उघडायचे.

ही भक्ती नव्हती, धंद्याची गरज होती. बहात्तर सालच्या आसपासची ही गोष्ट. सांधेदुखीवर तेव्हा एक गोळी नव्यानं निघाली होती. एकाच गोळीत दोन औषधं, एक दुखणं थांबवणारं आणि दुसरं सूज उतरवणारं. उसाला पाणी धरून कंबरा आखडलेली माणसं 'ती डबल गोळी द्या' म्हणत यायची. रिकाम्या पोटी घेतली तर ती आतून पोट सोलते, हे चाचांना पक्कं ठाऊक होतं आणि आज कोण उपाशी असणार हे पंचांग सांगायचं. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी हातात आली की पहिला प्रश्न, "काय खाऊन आलात?"

"च्या पिलोय की."

"च्या म्हंजी जेवन व्हय? जेवून घ्या, मग गोळी." घर लांब असेल त्याच्यापुढे फुटाण्यांची बरणी यायची. उपवासवाल्याला केळं मिळायचं. "देवाला चालतंय, पोटालाबी चालतंय. खा."

एकदा एका आडदांड गड्यानं विचारलं, "दोन घेतल्या तर लवकर गुन येईल ना?" चाचा म्हणाले, "एका वावरात दोनदा पेरलं म्हंजी दोन पिकं येत्यात व्हय?" बरोबर डोकेदुखीची पुडीही ते घेऊ देत नसत. "तिचा सख्खा भाऊ ह्या गोळीत आधीच बसलाय. दोघं भाऊ भांडतील अन् घर तुमचं फुटंल." एका वेळी दोन दिवसांच्या वर गोळ्या ते कुणाला देत नसत. कुणी जास्त मागितल्या तर ठरलेलं उत्तर, "गोळी काय लोनचं हाय, बरनीत भरून ठेवायला?" लोक हसायचे, कुरकुरायचे, पण ऐकायचे.

मी तेव्हा तिथल्या शाळेत शिक्षिका होते. दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी आणि आई राहायचो. मला सव्विसावं लागलं होतं आणि लग्न जमत नव्हतं. मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं, आईला मात्र माझ्या वाटचंही वाटायचं. तिचे गुडघे सुजायचे. डॉक्टरांनी तिला तीच गोळी लिहून दिली. चाचांना ती भाऊ म्हणायची. चाचा विचारायचे, "ताई, जेवलात?" आई म्हणायची, "आत्ताच, भाऊ."

सोमवारी ते खोटं असायचं. माझ्या लग्नासाठी तिनं सोळा सोमवार धरले होते, दिवसभर पाणीसुद्धा नाही. फक्त गोळी गिळायला घोटभर, तेवढं देव चालवून घेतो म्हणे. संध्याकाळच्या पूजेला मांडी घालून बसता यावं म्हणून सोमवारी एकाऐवजी दोन गोळ्या घ्यायची. नवस बोलून दाखवला की फळत नाही, ही तिची समजूत. मी दिवसभर शाळेत, मला पत्ताच नव्हता. पोरांच्या पाढ्यातली चूक मला लांबून ऐकू यायची आणि घरातलं हे दिसलं नाही, याची लाज मला अजून वाटते.

एका दुपारी मी घरी आले तर आई दवाखान्याच्या खिडकीला धरून उभी होती, ओठ पांढरे पडलेले. चाचा बाहेर येऊन तिला विचारत होते, "ताई, परसाकडला काळं हुतंय का? डांबरासारखं?"

"भाऊ, असलं काय विचारता!"

"लाज वाटायची ती मला वाटू द्या. तुमी सांगा."

"हुतंय," आई पुटपुटली. "चार दिस झालं."

डॉक्टरांच्या गाडीतून आम्ही तिला नगरला नेलं. गाडीतच तिनं झालेल्या बारा सोमवारांची कबुली दिली. पोटात रक्तस्राव झाला होता. रक्ताची बाटली लावली तेव्हा तिचा हात माझ्या हातात इतका गार होता, की ही आता जाते असंच मला वाटलं. चाचा बाहेर व्हरांड्यात दोन दिवस बसून होते. "साऱ्या गावाचं पंचांग बघितलं," ते मला म्हणाले, "घरच्या मानसाचा सोमवार दिसला न्हाई." त्यांचे डोळे भरले होते. मलाही तो दिसला नव्हता.

आई वाचली. तिला जरा बसता येऊ लागल्यावर चाचांनी तिला एवढंच सांगितलं, "ताई, देवापुढं खोटं बोलत न्हाई ना? मग दवाखान्यातबी बोलू नका." ती गोळी कायमची बंद झाली, गुडघ्यांना गरम वाळूचा शेक सुरू झाला. पण आईचं एकच टुमणं, चार सोमवार राहिले! डॉक्टरांनी उपवासालाही मनाई केलेली. चाचांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "लगीन कुनाचं? बाईंचं. मग उपास बाईच करतील."

चार सोमवार मी शाळेत पोटातल्या कावळ्यांसह वर्ग घेतले. पुढे लग्न जमलं. नवसानं की मुलाच्या घरच्यांना नोकरीवाली सून हवी होती म्हणून, ते महादेवच जाणे. आई मात्र सगळं श्रेय बारा सोमवारांना द्यायची, माझ्या चारांचं नावही काढायची नाही.

चाचा गेल्याचं कळलं तेव्हा आई माझ्या सासरी, भिंगारला आमच्याजवळ राहत होती. गुडघे तसेच, पण पुष्कळ वर्षं जगली. त्या दिवशी मी पान वाढलं. तिनं ते हळूच बाजूला सारलं.

"आज माझा उपास हाय."

मी मनात तिथी शोधू लागले, वार आठवू लागले. काहीच नव्हतं. "कशाचा गं?"

"भावाचा," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. "अन् ह्या वेळी लपवत न्हाई."