मुकुंददादाची पेशी

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसू येतं. रिकाम्या घरातली पावलं, आरशातली बाई... मी छत्तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, अजूनही आहे असं छातीठोकपणे म्हणणार नाही. तरी हे एकदा कुणाला तरी सांगितलं पाहिजे. बायको म्हणते, सांगून काय होणार? काही होणार नाही, ठाऊक आहे.

आम्ही हैदराबादचे मराठी. चार पिढ्या इथेच, वडील सरकारी नोकरीत होते. घर अंबरपेठेत, माझं कॉलेज नारायणगुड्याला. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची आहे. तेव्हा नारायणगुड्यात प्रत्येक जिन्याखाली कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली होती आणि ज्याची त्याची पोरं अमेरिकेला निघाली होती. आपली पोरगी मागे पडायला नको म्हणून मीही सिकंदराबादहून एक असेम्बल केलेला कॉम्प्युटर आणला. मधुरा तेव्हा दहा वर्षांची होती.

दुकानदाराने सोबत एक सीडी दिली होती. तीत उत्क्रांतीचा एक गेम होता. स्क्रीनवर एक तळं, त्यात पोहणाऱ्या गोल पेशी. माऊसने हिरवे कण ओढून त्यांना भरवायचे, की त्या दुभंगून वाढतात. दोन पेशी एकमेकींना लावल्या की चिकटतात आणि त्यांची कॉलनी होते. कॉलनीला पुढे शेपूट फुटतं, डोळा येतो. एकटी राहिलेली पेशी मात्र चार-पाच मिनिटांत राखाडी होऊन मरते, कितीही भरवा. सोबतच्या कागदावर हा नियमच छापला होता. पेशींना नावं देता यायची. मधुराने घरच्यांची दिली... आई, बाबा, आजी, मधु.

माझी आई शेजारी खुर्ची टाकून बघत असायची. ती म्हणाली, "मुकुंदाला कामून सोडलं ग?"

मुकुंददादा माझा थोरला भाऊ. त्याने रेल्वेतली पक्की नोकरी सोडली म्हणून वडील त्याला नको नको ते बोलले, आणि तो त्याच दुपारी घरातून निघून गेला. त्याला बारा वर्षं होत आली होती. पत्र नाही, फोन नाही. आम्ही पेपरात फोटो दिला, नांदेड-लातूरच्या नातेवाइकांकडे शोधलं. वडील गेले तेव्हाही तो आला नाही, त्याला कळवणार तरी कुठे? आईचं तेव्हापासून एकच चाललं होतं. फाटक वाजलं की उठायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन दिवस हॉस्पिटलात राहावं लागेल म्हणून ती नाही म्हणाली. तेवढ्यात तो आला आणि घरात मी नसले तर? तिचा एक डोळा त्या हट्टात जवळजवळ गेलाच होता.

तर मधुराने मुकुंदकाका नावाची पेशी केली. आणि ती चिकटेना! कॉलनीला लावली की सुटायची आणि तळ्याच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन थांबायची. पण मरायचीही नाही. पाच मिनिटं झाली, तास झाला, रोज गेम सेव्ह करून दुसऱ्या दिवशी उघडला तरी ती आपली कोपऱ्यात जिवंत. मी दुसऱ्या नावाच्या पेशी एकट्या ठेवून पाहिल्या, घड्याळ लावून. झाडून सगळ्या मेल्या. प्रोग्रॅममध्ये काहीतरी चूक असणार असं म्हणून मी विषय सोडून दिला.

आई मात्र माऊस धरायला शिकली. जिने आयुष्यात टीव्हीचं बटण दाबलं नाही ती रोज दुपारी जेवण झालं की कॉम्प्युटर लावून घ्यायची, एका डोळ्याने बघत कोपऱ्यातल्या पेशीला भरवायची. आम्ही तिची थट्टा करायचो. मधुरा म्हणायची, आजी, आमच्या पेशी उपाशी मरतील. आई म्हणायची, तुम्हाला घालायला तुमची आई आहे.

बारा वर्षं पूर्ण होत आली तशी आमच्या गुरुजींनी पालाशविधीची आठवण काढली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरातलं माणूस बारा वर्षं बेपत्ता असेल तर ते गेलं असं धरतात. पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. मग सुतक, दहावं, तेरावं, सगळं खऱ्यासारखं.

माझा यावर काडीचा विश्वास नव्हता, आणि नेमकं म्हणूनच मी तो करायचं ठरवलं. मला वाटलं, पानं जाळल्याने कुणाचं काय बिघडणार आहे? पण आईची वाट बघणं संपेल. ऑपरेशन होईल. मी पंधरा दिवस तिच्या मागे लागलो. ती म्हणायची, "नक्को रे बापू. जितं असलं माणूस तर?" मी म्हणायचो, जितं असतं तर बारा वर्षांत एक कार्ड टाकलं नसतं का? आईला हे असं तोंडावर सांगणारा मी. शेवटी एका सकाळी ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "हौ. कर तुझ्या मनाचं." मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

विधी मुसी नदीकाठी झाला. मी, गुरुजी आणि दोन चुलतभाऊ. ऊन चांगलंच वर आलं होतं. मी पुतळ्याला अग्नी दिला तेव्हा सहज घड्याळ पाहिलं, बारा वाजता एक लेक्चर घ्यायचं होतं म्हणून. अकरा वाजून वीस मिनिटं. नारळ फुटला. पानं जळतायत, असं मी स्वतःला दोनतीनदा सांगितलं.

घरी आलो तर मधुरा दारात उभी. रडत नव्हती, पण चेहरा पांढरा पडला होता. तिने सांगितलं ते असं. आजीने त्या दिवशी सकाळीच कॉम्प्युटर लावायला सांगितला. भरवता भरवता ती माऊस सोडून मोठ्याने हाका मारायला लागली, ये रे मुकुंदा, जेवायला ये. असं तिने आधी कधीच केलं नव्हतं. आणि ती पेशी कोपऱ्यातून निघाली. कुणी माऊस लावला नव्हता, आजीचे दोन्ही हात मांडीवर होते. सरळ पोहत आली आणि आजी नावाच्या पेशीला चिकटली. थोडा वेळ राहिली. मग राखाडी झाली.

किती वाजले होते, असं मी विचारलं. नुकतंच मनगटावर घड्याळ आलेलं पोर ते, तिला सगळं मिनिटासकट सांगायची सवय होती. अकरा वीस, ती म्हणाली.

आई आत भिंतीकडे तोंड करून बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "जिता होता रे तो."

मी तिला समजावलं. गेम आहे, प्रोग्रॅममधली चूक आहे. कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या सरांना घरी आणून फाईल दाखवली. त्यांना काही सापडलं नाही. एकट्या पेशीचा नियम सगळ्यांना सारखाच होता, मुकुंदकाकालाही. ही इतके महिने जगली कशी, असं त्यांनी मलाच विचारलं.

तेराव्यानंतर आठवड्याने हिंदीत लिहिलेलं एक पत्र आलं. बल्लारशाच्या स्टेशनबाहेर खानावळ चालवणाऱ्या एका गृहस्थाचं. मुकुंदराव त्यांच्याकडे सात वर्षं होते. तब्येत ठणठणीत. आठवडाभर म्हणत होते, एकदा घरी जाऊन येतो, आई म्हातारी झाली असेल. अमुक तारखेला सकाळी सव्वाअकराच्या सुमारास ते भाजी चिरत होते. अचानक मान वर करून मराठीत ‘आलो, आलो’ म्हणत उठले, दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावर बसले ते तिथेच संपले. ट्रंकेत आमच्या पत्त्याचं न टाकलेलं पाकीट सापडलं, तोवर त्यांनीच अंत्यविधी उरकला होता. तारीख आमच्या विधीची होती.

मी गुरुजींकडे गेलो. म्हटलं, आता खरंच गेला, आता काय करायचं?  ते म्हणाले, एकदा झालाय तो विधी, पुन्हा कसा करणार? 

विद्यार्थ्यांना मी जन्मभर शिकवलं की दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं नाही. हे आजही मला पटतं. दादाचं हृदय त्या दिवशी बंद पडायचंच असेल. पण ती पेशी जगली कशी आणि आली कशी, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर लिहा, मी वाचेन. आणि मी ती पानं पेटवली नसती तर तो त्या आठवड्यात घरी आला असता का, हे कृपा करून कुणी मला सांगू नका.

आईपासून पत्र लपवणं शक्य नव्हतं, पोस्टमनकडून तिनेच घेतलं होतं. तिला हिंदी वाचता येत नसे. समोर बसवून तिने मला ते वाचायला लावलं. मी अडखळत, गाळत वाचलं. ती रडली नाही. पत्र माझ्या हातातून घेऊन तिने त्याची नीट घडी घातली आणि एवढंच विचारलं, "किती वाजता गेला, लिव्हलंय का त्यात?"

मी म्हणालो, नाही.