ऑपरेशनच्या दिवशीचा उपवास

साबुदाण्याच्या खिचडीनं मी नणंदेचा जीव घेणार होते, हे आधीच कबूल करते. चार-सहा वर्षं झाली. तेव्हा मी पोरसवदा, जेमतेम पासष्टीची, आणि आपल्याला सगळं कळतं याची अंगात भारी मस्ती.

वाईहून एसटीनं निघाले. वन्संच्या (नणंदेच्या) पित्ताशयातले खडे काढायचे होते आणि दवाखान्यात लागणाऱ्या हिंदीचा त्यांना गंध नव्हता. मला आहे, अशी माझी समजूत. कात्रजचा बोगदा सरला की खाली पुणं दिसतं, दर खेपेला थोडं जास्तच पसरलेलं. स्वारगेटला उतरून, वन्संच्या घरी जायला एका रिक्षावाल्याला विचारलं, बिबवेवाडीला येणार का?

"तिथंच राहतो," तो म्हणाला, "पण इतक्यात घरी जायचं नाहीये."

दुसऱ्यानं नेलं.

त्याच संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला, रात्रीनंतर काही खायचं नाही. वन्सं म्हणाल्या, उद्या संकष्टी, माझा उपवासच आहे. फोनवरची मुलगीही खूश झाली. सकाळी मी खिचडी केली, दाण्याचं कूट सढळ हातानं, सोबत काकडीची कोशिंबीर. ऑपरेशनला ताकद हवी म्हणून वन्संना दोनदा वाढली. उरलेली डब्यात घेतली.

दवाखान्यातली सिस्टर केरळची, पुण्यात नवी. मराठी तिला येत नव्हतं. रात के बाद कुछ खाया क्या, असं तिनं विचारलं. मी वन्संना विचारलं. "छे, आज संकष्टी ना," त्या म्हणाल्या. मी ऐटीत सांगितलं, "कुछ नहीं. उपवास है."

वन्संना आत नेलं. सिस्टर मला दमलेली, भुकेली वाटली, म्हणून डबा पुढे केला. तिनं उभ्याउभ्या चमचाभर खाल्ली, छान म्हणाली, कधी केली विचारलं.

"सुबह. हम दोनों ने पेटभर खाया. वो तो दो बार."

तिचं तोंड चावता चावता थांबलं. मग ती ऑपरेशन थिएटरकडे पळत सुटली.

थोड्या वेळानं भूल देणारे डॉक्टर बाहेर आले. सुई टोचायच्याच बेतात होते. भुलीत पोटातलं अन्न वर येऊन फुफ्फुसात गेलं, तर माणूस तिथंच संपू शकतो, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. वर म्हणाले, "आजी, पोटाला संकष्टी कळत नाही."

मी उघडा डबा बंद करून पिशवीत कोंबला. वन्सं मात्र कुरकुरतच बाहेर आल्या. "वहिनी, यांच्याकडे उपवास चालत नाही का हो?"

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, व्यवस्थित. त्या सकाळी सिस्टरनं मला मध्ये घेतलंच नाही. वन्संच्या तोंडाकडे बोट करून एकेक विचारत गेली. चाय? केला? दूध? खिचडी? प्रत्येकाला वन्संनी नाही म्हणून मान हलवली, तेव्हा कुठे त्यांची स्ट्रेचरची गाडी आत गेली.

मी वाईला परतले, तरी ते पळणं डोळ्यांसमोरून हलेना. मी शब्दाला शब्द बरोबर सांगितला होता. वन्संनीही काही लपवलं नव्हतं. निघताना मी सिस्टरचे हात धरून माफी मागितली होती, तेव्हा ती म्हणाली होती,

"अम्मा, आप झूठ बोलता तो मैं पकड़ लेती. आप दोनों तो सच बोला."