बरोबरीत सोडवायची कुस्ती

"कुस्ती बरोबरीत सोडवायची," पुण्याहून आलेले साहेब मला म्हणाले. "पाहुणा पडता कामा नये, आणि तुम्हीही पडू नका."

पिंपरीचा औषधाचा कारखाना तेव्हा नवा होता. तो बघायला इराणहून सरकारी पाहुणे येणार होते आणि त्यांच्यासोबत त्यांचा एक पैलवान. तिकडे जमिनीत तेल, आणि लोकांना कुस्तीचं वेड. म्हणून दिल्लीतल्या कुणा हुशार डोक्याने आमच्या चिंचवडच्या तालमीत दोस्तीची कुस्ती ठरवली. दोस्ती वाढली की तेल येईल, असा सगळा बेत. नीट पार पडलं तर मला कारखान्यात चिकटवायचं, असं साहेबांनी वस्तादांसमोर कबूल केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावच्या मातीत मला तोवर कुणी पाडलं नव्हतं, आणि आता डाव कधी टाकायचा ते सरकार सांगणार!

"पोरा, डोकं थंड ठेव," वस्ताद म्हणाले. "पाव्हणा हाय त्यो."

मैदान खच्चून भरलं होतं. पाहुणा गुडघ्यापर्यंतची चामड्याची तुमान घालून उतरला आणि आमच्यासारखीच त्याने माती कपाळाला लावली. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली. त्याने माझ्या मानेवर हात टाकला आणि मला कळलं, हा जोरच लावत नाही. त्यालाही कुणीतरी बजावून पाठवलं होतं. ढकलाढकलीचं सोंग करत आम्ही नुसते गोल फिरत राहिलो. लोक हुर्यो करू लागले.

"नुरा हाय! ठरवून आल्यात दोघं!" कुणीतरी ओरडलं. शरमेने मान वर करवेना.

मग माझं डोकंच फिरलं. मी वाकून त्याचा पाय धरला आणि सगळं बळ लावलं. तो दचकला आणि माझ्याकडे बघून हसला. पुढच्या क्षणी त्याचा खरा हात माझ्या मानेवर पडला. खुर्चीतले साहेब अर्धवट उठलेले मला दिसले, पण आता कोण ऐकतो! मी त्याला खाली घेतला, तो निसटला. पुन्हा घेतला, पुन्हा निसटला. शेवटी त्याने अशी टांग मारली की माझी पाठ मातीला लागली. स्वच्छ चितपट. त्याने मला उठवून घट्ट मिठी मारली. अशी कुस्ती मी जन्मात खेळलो नव्हतो, आणि हरूनही मी खूश होतो.

लोकांनी मात्र टाळीही वाजवली नाही. "सायबानं पडाया लावलं," हेच जो तो पुटपुटत घरी निघाला.

"वस्ताद, मी खरंच पडलो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पाठीवरची माती झटकली. "व्हय रं. तुझ्या जागी मीबी नोकरीसाठी पडलो असतो."

पाहुणे जिंकून खूश होऊन गेले होते, त्यामुळे महिन्याभरात कारखान्याचं बोलावणं आलं. घरात नोकरीची गरज होती, मी गेलो. त्यानंतर गावात मला कुणी पैलवान म्हणून हाक मारली नाही. मी खरा हरलो होतो हे ठाऊक असलेला दुसरा एकच माणूस होता, आणि तो इराणात होता.