मेहुण्याचा उजळ ठिपका

उजेडावर माझ्या धाकट्या मेहुण्याइतका अविश्वास ठेवणारा माणूस साऱ्या पिंपरी-चिंचवडात नसेल. पुण्यातल्या एका संस्थेत तो कंत्राटी संशोधक होता. अंतराळयानांनी काढलेले लघुग्रहांचे फोटो घ्यायचे आणि त्या दगडांचा पृष्ठभाग किती उजेड परत फेकतो ते मोजायचं, हे त्याचं काम. ही सवय घरीही सुटत नसे. माझ्या बायकोने, म्हणजे त्याच्या बहिणीने, नवी साडी दाखवली की हा आधी ट्यूबलाइट बंद करी आणि तिला खिडकीशी उभी करून भोवती फिरे. "रंग सांगतो ताई, पण कुठल्या कोनातून?" ती म्हणे, "छान आहे म्हण आणि जेवायला बस." एकदा त्याने भाजीचा बटाटा टेबलावर ठेवून माझ्या हाती बॅटरी दिली. "डोळ्याजवळ धरा, दाजी. आता खड्ड्यांच्या सावल्या लपल्या, म्हणून बटाटा उजळ वाटतो. बटाटा तोच आहे." मी चाकणच्या एका कारखान्यात खर्चाचे हिशेब बघतो. बघणाऱ्याची जागा बदलली की आकडा बदलतो, हे पचायला मला वेळ लागला. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत 'बी विंगचा रंग भडक लागलाय' म्हणून भांडण पेटलं, तेव्हा पाहुणा असूनही हा मध्ये पडला. "सकाळी पाहिलंत ना? संध्याकाळी पाहा." चेअरमन म्हणाले, "राव, भिंत आमची आहे, चंद्र नाही!" संध्याकाळी ए विंग भडक दिसली आणि भांडण मिटलं.

मग त्याला एका लघुग्रहावर, खड्ड्याच्या काठाशी, आजूबाजूपेक्षा उजळ ठिपका सापडला. हा त्याचा स्वतःचा पहिला शोध. लेख छापायला पाठवला होता आणि तो छापून आला तर नोकरी पक्की होणार होती. बायकोने आमरसाचा बेत केला. त्या जेवणाला तो आला आणि ताटाकडे न बघता म्हणाला, "ताई, ठिपका तिथे नाही." त्याच कॅमेऱ्याने नुसत्या काळ्या आकाशाचा काढलेला एक फोटो त्याने तपासला होता. त्यातही त्याच जागी तोच उजळ डाग होता. दोष भिंगातल्या विखुरलेल्या उजेडाचा होता.

"कुणाला कळलंय का हे?" बायकोने विचारलं.

"अजून नाही."

"मग राहू दे की! इतक्या लांबच्या दगडावर कोण जाणार आहे तपासायला?"

"कोणी जाणार नाही, ताई. म्हणूनच."

त्याच्या घराच्या कर्जाचा हप्ता मला ठाऊक होता आणि तो खरं बोलतोय हेही. त्याने लेख मागे घेतला. संस्थेने कंत्राट वाढवलं नाही.

आता तो चाकणलाच, गाड्यांच्या रंगवलेल्या दारांवरचे ओरखडे कॅमेऱ्याने शोधणाऱ्या कंपनीत आहे. पगार बरा आहे. परवा चहा पिताना मी न राहवून विचारलं, "त्या ठिपक्याच्या जागी खरं काय आहे रे?"

"काही नाही, दाजी. आजूबाजूसारखीच जमीन. कोळशासारखी काळी," तो म्हणाला. मग गावाकडच्या शिवाराबद्दल बोलावं तसं, हळूच म्हणाला, "पण चांगली आहे."